स्लरी पंपाची झीज: आणखी कडक धातू घ्यावा की घडण बदलावी?

खडीक्रशर

क्रश सँडच्या वॉशिंग प्लांटमध्ये सायक्लोनला (गोल फिरवून जाड-बारीक कण वेगळे करणारा शंकू) फीड देणाऱ्या स्लरी (पाणी-रेतीचं मिश्रण) पंपाबद्दल विचारायचं आहे. पंप सहा-चार (६ इंच सक्शन, ४ इंच डिलिव्हरी), पूर्ण मेटल, बंद इम्पेलर (आतलं फिरणारं चाक, दोन्ही बाजूंना तबकड्या), व्यास ३६५ मिमी, पाच व्हेन (चाकातली पाती), धातू २७ टक्के क्रोमचं बीड. माल बेसाल्टचा, ४.७५ मिमीखालचा, भुकटीसकट. वजनाने साधारण ३० टक्के घन. फ्लो ताशी ११० घनमीटर. सायक्लोन पंपापेक्षा ९ मीटर उंच, त्याच्या इनलेटला १ बार प्रेशर लागतं.

झीज सगळीकडे सारखी नाही, हा खरा त्रास. व्हॉल्यूट लायनर (इम्पेलरभोवतीच्या कवचाचं अस्तर) बरा टिकतो, पण तो एक संपेपर्यंत दोन-तीन थ्रोटबुश (सक्शनच्या बाजूला इम्पेलरसमोर बसणारं कडं) जातात. इम्पेलर मधे कुठेतरी. एक पुरवठादार म्हणतो, तीस टक्क्यांच्या वरचं क्रोम घ्या, किंमत दीडपट. दुसरा म्हणतो रबर लायनिंग करा. तिसरा चार व्हेनचा इम्पेलर देतोय. माझा कल घडण बदलण्याकडे आहे, कारण धातू सगळ्या भागांना एकच असताना एकच भाग आधी का जावा? पण नेमकं काय बदलायचं आणि कुठल्या क्रमाने?

टवाळ

पंप रेती धुतोय आणि रेती पंपाला धुतेय. बसलोय वाचत.

फौंड्रीकर

धातूचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. २७ टक्के क्रोमच्या पांढऱ्या बिडात झिजेला अडवतात ती क्रोमियम कार्बाइडं, कडकपणा साधारण १५०० विकर्स. क्वार्ट्झ ११०० च्या आसपास. म्हणजे कार्बाइड रेतीपेक्षा आधीच कडक आहे. झिजतो तो मधला मॅट्रिक्स, म्हणजे कार्बाइडांना धरून ठेवणारा धातू. तो गेला की कार्बाइडचा आधार सुटतो आणि तेही निखळतात. म्हणून मॅट्रिक्स मार्टेन्साइटचा (तापवून थंड केल्यावर येणारी कडक रचना) असायला हवा. त्यासाठी ओतकाम ९५० ते १०५० अंशांना ठेवून हवेत थंड करायचं आणि मग टेंपर (पुन्हा कमी तापवून ताण काढणं) करायचं. हे नीट झालं की ६०० ब्रिनेलच्या (कडकपणाचं दुसरं माप) वर कडकपणा मिळतो. न केलेला पीस ४५० च्या आसपास राहतो आणि दिसायला मात्र हुबेहूब तसाच.

त्यापुढचं जास्त क्रोम, जास्त कार्बनचं बीड बारीक मालाच्या घासणीला चांगलं, पण ठिसूळ. स्क्रीनची जाळी फाटून १५-२० मिमीचा एखादा खडा आत आला किंवा वेल्डिंग रॉडचा तुकडा आला तर व्हेनचा टवका उडतो. मी तरी आधी आहे त्याच पीसची कडकपणाची टेस्ट मागेन, तीही जाड भागावर. पातळ कडेला सगळेच ६०० दाखवतात.

मांडवीकाठ

बेसाल्ट भयंकर कडक असतो, म्हणून झीज होतेय असं समजू नका. त्यातली मुख्य खनिजं, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन, मोहच्या मापात ६ च्या आसपास. नदीची रेती क्वार्ट्झची, ती ७. फरक आकाराचा आहे. नदीची रेती गोल, क्रशरमधून आलेली धारदार. एक अपवाद: काही खाणींच्या बेसाल्टात पोकळ्यांमध्ये गारगोट्या भरलेल्या असतात. तो दगड आला तर क्वार्ट्झचाच हिशेब धरा.

आमच्याकडे गोव्यात लोहखनिज धुताना उलटं. हेमॅटाइट फार कडक नाही, पण घनता ५ च्या वर. तिथे खाली बसण्याचा त्रास आधी, झीज नंतर.

पंपपुराण

खडीक्रशर, पाच गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

पंप किती आरपीएमला फिरतो आणि डायरेक्ट कपल आहे की बेल्टवर? डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो का? इम्पेलर आणि थ्रोटबुशमधली गॅप शेवटची कधी अ‍ॅडजस्ट केली? थ्रोटबुशवर झीज नेमकी कुठे: डोळ्याभोवती (इम्पेलरचं मधलं तोंड) गोल खोबण, की आतल्या तोंडाशी एखाद-दोन खोल खड्डे? संपातली (पंपाआधीची टाकी) पातळी किती आणि सील कुठलं?

खडीक्रशर

डायरेक्ट कपल, १४८० आरपीएम. पंप तसाच आला होता. डिलिव्हरीला व्हॉल्व्ह आहे, तो अर्ध्याहून थोडा जास्त बंद ठेवावा लागतो, नाहीतर सायक्लोनचं प्रेशर फार वाढतं आणि मोटरही जास्त अँपिअर घेते. गॅप नवीन पार्ट बसवताना सेट होते, मधे कुणी हात लावत नाही. थ्रोटबुशवर दोन्ही आहे, गोल खोबण आणि तोंडाशी दोन खड्डे. संपातली पातळी पंपाच्या सेंटरपासून साधारण २ मीटर वर. सील एक्स्पेलरचं (शाफ्टवरचं छोटं चाक स्लरी मागे ढकलतं), ग्लँड वॉटर (सीलला बाहेरून द्यायचं पाणी) नाही.

हिशेबनीस

मग धातू नंतर बघू. आधी आकडे.

बेसाल्टची घनता २.८ धरली, वजनाने ३० टक्के, तर स्लरीची घनता १ ÷ (०.३/२.८ + ०.७) = १.२४.

लागणारा हेड (पंपाने द्यायचा दाब, मीटर उंचीत मोजलेला): उंची ९ मीटर. १ बार म्हणजे पाण्याचे १०.२ मीटर, भागिले १.२४ = ८.२ मीटर स्लरी. पाइप, बेंड धरून ४-५ मीटर. एकूण २२. घन कणांमुळे पंपाचा हेड थोडा पडतो, त्यासाठी दहा टक्के सोडले तर पंपाच्या पाण्यावरच्या कर्व्हवर (फ्लो-हेडचा आलेख) २४ मीटर शोधायचे.

आता टिप स्पीड, म्हणजे इम्पेलरच्या कडेचा वेग. π × ०.३६५ × १४८० ÷ ६० = २८.३ मीटर प्रति सेकंद. या साइजचा पंप या वेगाला ११० घनमीटरवर ४५ ते ५० मीटर हेड तयार करतो. लागतात २४. उरलेला सगळा व्हॉल्व्हमध्ये मरतो.

२४ मीटरसाठी वेग १०५० आरपीएमच्या आसपास पुरेल. टिप स्पीड २० मी/से. झीज वेगाच्या २.५ ते ३ घाताने वाढते असं धरतात. १०५०/१४८० = ०.७१. अडीच घात घेतला तर ०.४२, तीन घेतला तर ०.३६. म्हणजे फक्त वेगाने आयुष्य सव्वादोन ते पावणेतीन पट. कुठलंच वरचं क्रोम हे देणार नाही.

वीज वेगळीच. शाफ्टवर आत्ता ४० किलोवॅटच्या आसपास जात असतील. १०५० ला १६-१७ पुरतील. दहा तास प्लांट चालला तरी दिवसाला दोनशे युनिटच्या वर.

टवाळ

म्हणजे तो व्हॉल्व्ह पण स्लरी पंपाइतकाच झिजत असणार. त्याचा धागा वेगळा काढायचा का?

खडीक्रशर

@टवाळ, व्हॉल्व्हचं नाव काढू नका. स्लीव्ह दर वेळी नवी लागते.

चिखलू

हिशेब बरोबर, पण "आरपीएम कमी म्हणजे झीज कमी" इतकं सोपं करू नका. हेड ठरला की टिप स्पीड जवळपास ठरली. चार-तीनचा लहान पंप घेतला, इम्पेलर २४५ मिमी, तर त्याच २४ मीटरसाठी १६५० ते १७०० आरपीएम लागतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण टिप स्पीड काढा: २१ ते २२ मी/से. जवळजवळ तीच. इथला दोष आरपीएमचा नाही, नको असलेल्या हेडचा आहे.

आणि दुसरा दोष साइजचा. सहा-चारचा बेस्ट एफिशियन्सी पॉइंट (बीईपी, पंप सगळ्यात कार्यक्षम असतो तो फ्लो) १४८० ला ताशी २५० घनमीटरच्या पुढे असेल (आपल्या पंपाचा कर्व्ह काढून बघा). तिथे ११० म्हणजे निम्म्याहून कमी. एवढ्या कमी फ्लोला इम्पेलरच्या डोळ्याशी पाणी उलटं फिरतं, रेती थ्रोटबुशमध्ये गोल गोल घुमत राहते. ते दोन खड्डे त्याचेच.

शिवाय १५० मिमीच्या सक्शन पाइपात ११० घनमीटरला वेग फक्त १.७ मी/से. रेती तळाशी बसू नये म्हणून लागणारा वेग ड्युरँडच्या सूत्राने √(२ × ९.८१ × ०.१५ × १.८) = २.३, आणि जाड रेतीला त्याला एकाहून मोठा गुणक लागतो. रेती तळाशी बसते आणि मग ढिगाने एकदम आत जाते. चार-तीनला १०० मिमी सक्शन, वेग ३.९. माझं मत: पंप बदला.

पंपपुराण

चिखलूचं निदान पटतं, औषध घाईचं वाटतं. १०५० ला आणलं की बीईपीही त्याच प्रमाणात खाली येतो, १८० च्या आसपास. ११० म्हणजे साठ टक्के. उत्तम नाही, पण चालण्यासारखं आहे. लहान पंपात पॅसेज अरुंद, भिंती पातळ, झिजायला धातूच कमी. असलेला पंप आधी हळू करा. पुढचा व्हॉल्यूट संपेल तेव्हा चार-तीनचा विचार करा. सक्शन पाइप मात्र आत्ताच आखूड आणि पंपाकडे उतरता करून घ्या.

आता मूळ प्रश्न, घडणीचा. थ्रोटबुशच आधी का जातो?

इम्पेलरच्या बाहेर प्रेशर जास्त, डोळ्याशी कमी. त्यामुळे स्लरीचा काही भाग पुढच्या श्राउड (इम्पेलरची तबकडी) आणि थ्रोटबुश यांच्या फटीतून परत डोळ्याकडे धावतो. त्याला अडवायला श्राउडच्या बाहेरच्या अंगाला छोट्या व्हेन असतात, पंप-आउट व्हेन. त्या फटीतली स्लरी परत बाहेर फेकतात, जाड कण तर आत येऊच देत नाहीत. पण हे जमतं ते गॅप लहान असेपर्यंत आणि त्या व्हेनना उंची असेपर्यंत. गॅप वाढली की उलटा प्रवाह वाढतो, तो व्हेनच्या कडा खातो, व्हेन बुटक्या झाल्या की प्रवाह आणखी वाढतो. शेवटी डोळ्याच्या कडेशी गोल खोबण पडते.

म्हणून नवीन इम्पेलर घेताना मी व्हेन चार की पाच हे शेवटी विचारतो. आधी बघायचं ते हे:

पंप-आउट व्हेनची उंची आणि त्या पूर्ण व्यासापर्यंत जातात का. पुढची फट सपाट आहे की तिरकी; तिरक्या फटीत कण बाहेर फेकला जाणं सोपं. मुख्य व्हेनची पुढची धार जाड आणि गोलसर आहे का. पातळ धार पाण्याला चांगली, रेतीत ती आठवड्यात बोथट होते आणि मग वाकडीतिकडी झिजते. थ्रोटबुशमध्ये आत प्रवाहाला वळण देणाऱ्या पट्ट्या आहेत का. काही सुधारित थ्रोटबुशात असतात, डोळ्याशी येणारी घुसळण कमी करायला. आणि थ्रोटबुश व इम्पेलर एकाच जोडीचे आहेत का. नवा इम्पेलर जुन्या प्रोफाइलच्या थ्रोटबुशसमोर बसवला तर फट एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला सैल राहते.

नवखा_फिटर

गॅप अ‍ॅडजस्ट कशी करायची ते जरा क्रमाने सांगाल का दादा? आमच्याकडे "हाताने फिरवून बघ, घासत नाही ना" एवढंच सांगतात.

पंपपुराण

पंप बंद, मोटर लॉक, मग:

बेअरिंग हाउसिंग बेसला धरून ठेवणारे क्लँप बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच्या मागच्या नटाने हाउसिंग पंपाच्या बाजूला हळूहळू सरकवा आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट फिरण्याच्या दिशेने फिरवत रहा. इम्पेलर पुढच्या लायनरला घासल्याचा आवाज आला की थांबा. मेटल पंपाला मागचा नट एक षष्ठांश फेरा सोडा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू, आणि पुढच्या नटाने हाउसिंग तेवढंच मागे घ्या. आट्याचा पिच ३ मिमी असेल तर गॅप अर्धा मिमी झाली. क्लँप बोल्ट आवळून पुन्हा शाफ्ट फिरवून बघा, कारण आवळताना हाउसिंग थोडं उचललं जाऊ शकतं.

रबर लायनिंगच्या पंपाला ही रीत नाही. तिथे इम्पेलर पुढे टेकवायचा, मग मागे टेकवायचा, एकूण चाल मोजायची आणि मधोमध ठेवायचा.

उत्तरध्रुव

कॅनडातल्या ऑइल सँड्समध्ये आणि मोठ्या मिल डिस्चार्ज पंपांत याच कारणाने सक्शन लायनर पंप चालू असतानाच पुढे सरकवायची सोय असते. काहींत तो फिरवताही येतो, म्हणजे खड्डा एकाच जागी खोल न होता झीज गोलभर पसरते. सहा-चारच्या किमतीत ते परवडणार नाही. पण थ्रोटबुशची बसण असू देत असेल तर पंप उघडल्यावर तो १८० अंशांत फिरवून बसवा. खड्डे एका बाजूला असतात, दुसरी बाजू बहुधा कोरी.

अवांतर: आज सगळीकडे दिसणाऱ्या बदलत्या लायनरच्या पंपाचं मूळ ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींत. चार्ल्स वॉर्मननी तिथे १९३८ मध्ये आपला स्लरी पंप काढला.

राखेकर

औष्णिक केंद्रांतली गोष्ट थोडी वेगळी, पण तुलनेला घ्या. फ्लाय अ‍ॅश बारीक, तिथे झीज घासणीची आणि एकसारखी. बॉटम अ‍ॅश जाड, धारदार, तिथे इम्पेलरची धार आणि व्हॉल्यूटची जीभ (डिलिव्हरी फुटते तिथली कवचाची धार) आधी जाते. राखेच्या बंधाऱ्यापर्यंत पंप सिरीजमध्ये असतात, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर केसिंगचं प्रेशर वाढतं, ग्लँड वॉटरचंही वाढवावं लागतं. नियम सोपा: त्या पंपाच्या डिलिव्हरी प्रेशरपेक्षा साधारण ०.३५ बार जास्त आणि पाणी स्वच्छ. गढूळ पाणी दिलं तर ग्लँड दोरीच शाफ्टवरची स्लीव्ह कापते.

इथे सिरीज नाही, पण एक सवय उचलण्यासारखी आहे. झिजलेला भाग भंगारात टाकण्याआधी झीज कुठे आहे ते बघायचं. डोळ्याशी गोल खोबण म्हणजे गॅप. थ्रोटबुशच्या तोंडाशी खड्डे म्हणजे कमी फ्लो. जीभ खाल्ली गेली म्हणजे पंप बीईपीपासून लांब चालतोय. मागचा लायनर आधी गेला तर मागच्या पंप-आउट व्हेन संपल्यात, सीलही गळत असणार. व्हेनची धार गुळगुळीत लाटांसारखी झिजली तर ती रेती. स्पंजसारखी भोकं दिसली तर कॅव्हिटेशन (कमी दाबाने वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं), तेव्हा संपची पातळी बघा.

रबरप्रेमी

रबराबद्दल कुणीच बोललं नाही. बारीक मालाला नैसर्गिक रबर कितीतरी वेळा मेटलपेक्षा जास्त टिकतं. कण आपटतो आणि उडून जातो, रबराला ओरखडा येत नाही.

चिखलू

बारीक आणि गोल मालाला, हो. इथे ४.७५ मिमीचा धारदार बेसाल्ट आहे, तो रबर कापतो. हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या स्लरी पंप मानकात सगळ्यात जड वर्गाच्या कामाला टिप स्पीडची मर्यादा पूर्ण मेटलला २८ मी/से आणि रबराला २३ आहे. आजच्या २८.३ ला रबराचा प्रश्नच येत नाही.

रबरप्रेमी

आज नाही, पण २० वर आणल्यावर येतो की! सायक्लोनच्या ओव्हरफ्लोचं पाणी, चिखल उचलणारा पंप असेल तर तिथे नक्की रबर. या पंपात व्हॉल्यूटला रबर आणि इम्पेलर, थ्रोटबुश मेटल अशी मिसळ करता येते. अट एकच, स्क्रीनची जाळी कधी फाटता कामा नये. आणि ग्रीस-डिझेल संपात जाऊ देऊ नका, नैसर्गिक रबर फुगतं.

चिखलू

"जाळी कधी फाटता कामा नये." क्रशरवर. शुभेच्छा.

फौंड्रीकर

आणखी एक. कोल्हापूर भागात क्रोमचं ओतकाम उत्तम होतं, त्यामुळे स्थानिक पार्ट घ्यायला हरकत नाही. पण झिजलेला नमुना देऊन पॅटर्न करून घेऊ नका. नमुन्यातच पंप-आउट व्हेन निम्म्या झालेल्या असतात, आणि नवा पीस जन्मतःच म्हातारा येतो. नवा पीस पॅटर्नसाठी द्या किंवा ड्रॉइंग द्या. आल्यावर वजन करा, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा, पंप-आउट व्हेनची उंची चार ठिकाणी मोजा.

आणि हेड कमी करायला इम्पेलर छाटून आणा म्हणून कुणी सांगेल. हे बीड टर्निंगला दाद देत नाही, ग्राइंडच करावं लागतं. छाटला की पंप-आउट व्हेनही आखूड होतात आणि इम्पेलरचा कड व्हॉल्यूटच्या जिभेपासून लांब जातो. वेग कमी करणंच बरं.

खडीक्रशर

बरंच कळलं. म्हणजे क्रम असा धरतो: आधी वेग, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग गॅप ठरावीक काळाने, मग जोडीचा इम्पेलर-थ्रोटबुश, धातू आहे तोच, पण टेस्ट करून. दोन प्रश्न उरले. बेल्ट की व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण)? आणि गॅप पुन्हा कधी करायची ते कशावरून ओळखायचं?

हिशेबनीस

बेल्टला प्रमाण १.४. मोटरला २०० मिमी पुली, पंपाला २८०, एसपीबी (व्ही-बेल्टचा एक प्रकार) बेल्ट. व्हीएफडीने ३५.५ हर्ट्झला तोच वेग मिळेल, किंमत जास्त, पण फीड कमी-जास्त होत असेल तर उपयोगी. धोका एवढाच की प्रेशर पडलं की ऑपरेटर हर्ट्झ वाढवत जातो. वाढलेल्या गॅपवर वेग चढवला की थ्रोटबुश आणखी लवकर जातो.

तिथेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. संपची पातळी आणि स्पिगॉट (सायक्लोनचं खालचं तोंड) तेच असताना सायक्लोनचा गेज १ बारवरून ०.९ वर आला की आधी गॅप करा. गेज डायफ्रॅमचा लावा, साधा गेज भुकटीने तुंबतो. प्रेशर पडलेलं राहिलं तर बारीक रेतीही ओव्हरफ्लोतून जाते, म्हणजे मालही गेला.

पंपपुराण

एक गोष्ट राहिली आणि ती वेग कमी केल्यावरच बाहेर येईल. एक्स्पेलर सीलला सक्शनचा हेड डिलिव्हरी हेडच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. आज २ मीटरला ४५, म्हणजे चार-पाच टक्के, म्हणून सील कोरडं आहे. १०५० ला २ मीटरला २२, नऊ टक्के. अगदी काठावर. संप तुडुंब भरला की गळणार. तेव्हा सील बिघडलं म्हणून वेग परत वाढवू नका. संपचा ओव्हरफ्लो थोडा खाली घ्या किंवा दोरी आणि ग्लँड वॉटर लावा. पंपाचं डिलिव्हरी प्रेशर २.७ बारच्या आसपास येईल, तर पाणी ३ बारने.

खडीक्रशर

ओव्हरफ्लो २०० मिमीने खाली घेता येईल. सक्शनचं तोंड तरी चांगलं बुडालेलं राहील. बेल्टचं मात्र अडतंय, मोटर बाजूला सरकवायला बेसवर जागा नाही.

राखेकर

मोटर वर घ्या. पंपाच्या फ्रेमवर उंच बेस करून मोटर डोक्यावर बसवतात, नेहमीची मांडणी आहे. पंपाची पुली बेअरिंगच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवा आणि बेल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणू नका, नाहीतर ड्राइव्ह एंडचं बेअरिंग तापेल.

नवखा_फिटर

इम्पेलर काढताना आटे जाम झाले तर बॉसला गॅस लावू का? आमच्याकडे लावतात.

फौंड्रीकर

अजिबात नाही. पांढरं बीड एका जागी तापलं की तडकतं, आणि आट्यांच्या पोकळीत पाणी अडकलेलं असेल तर वाफेने फुटतं. तुकडे गोळीसारखे येतात. इम्पेलरच्या मागे फुटीर रिलीज कॉलर बसवता येते, तिचे बोल्ट सोडले की आट्यावरचा ताण जातो आणि इम्पेलर हाताने सुटतो. पुढच्या ऑर्डरमध्ये तीही टाका.

पंपपुराण

आणि मोटर वर नेल्यावर केबल पुन्हा जोडली जाईल, तेव्हा बेल्ट चढवण्याआधी मोटर एकटी चालवून दिशा बघा. या पंपांचा इम्पेलर शाफ्टवर आट्याने बसतो. उलटा फिरला की तो सुटत पुढे येतो आणि नवा थ्रोटबुश पहिल्याच मिनिटाला जातो.